पाचवीच्या रात्री आलेली आकडी: नागपुरातल्या एका बाळंतिणीची पूर्ण केस

आपल्याकडे बाई बाळंत झाली की फोनवर पहिलं वाक्य येतं, "सुटली व माय पोरगी". सुटली, मोकळी झाली, आता काही टेन्शन नाही. मी स्टाफ नर्स आहे, लेबर रूम आणि पीएनसी (बाळंतिणींचा) वॉर्ड मिळून बारा वर्षं काढली, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजता येणार नाही, आणि नातेवाइकांना हसून मी स्वतःही तेच सांगितलंय. ही केस त्या "सुटली"च्या नंतरच्या पाच दिवसांची आहे. पेशंट माझ्या वॉर्डातली नाही, माझ्या गल्लीतली, दोन घरं सोडून. आकडी, म्हणजे बीपी चढून येणारे झटके, येण्याच्या दोन दिवस आधी मी तिच्या बाजेशेजारी बसून चहा पिऊन आले होते, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय. तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही, आणि ज्या दोन दवाखान्यांत चुका झाल्या त्यांची नावं देणार नाही कारण मला कुणाला कोपऱ्यात पकडायचं नाहीये.

कार्डावरचे आकडे

वय 22, पहिलं बाळंतपण, सासर उमरेडकडच्या गावात, माहेर इथे पारडीकडच्या वस्तीत. डोहाळजेवण झाल्यावर आठव्या महिन्यात माहेरी आली, जशी पहिल्या बाळंतपणाला येतात तशी. म्हणजे अर्धी तपासणी तिकडच्या आरोग्य केंद्रात, उरलेली इकडे. माता बाल संरक्षण कार्ड तिच्याकडे होतं, नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, आणि नंतर मी ते हातात घेऊन बघितलं तेव्हा बीपीचे पाच आकडे सापडले: 104/66, 110/70, 112/74, 126/82, 134/86.

यातला एकही आकडा 140/90 च्या वर नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी जिने मोजलं तिने नॉर्मल म्हणून सोडून दिलं आणि नियमाने बघितलं तर ते बरोबरच होतं. पण पाचही आकडे एका ओळीत वाचले तर लक्षात येतं की खालचा आकडा वीसने चढलाय, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत वजन अडीच किलोनं वाढलंय. अंगठी निघत नव्हती म्हणे बोटातून. पायावर सूज होती पण "ती तर सगळ्यांलेच येते". येतेही. फक्त चेहऱ्यावर आणि हातावर आली की थांबून बघायचं असतं. कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या होत्या, आपल्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन देतात, पण त्या खाल्ल्या की पोट जड होतं म्हणून पाकिटं तशीच डब्यात पडून होती. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी त्यांना या गोळ्यांनी गरोदरपणातल्या बीपीचा त्रास कमी होतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिला वाटलं हाडांसाठी आहेत.

बाळंतपण

यावर फार लिहित नाही कारण बाळंतपण चांगलं झालं. सकाळी 11:40 ला मुलगी, 2.3 किलो, टाके थोडे, रक्तस्राव बेताचा. भरती होताना बीपी 138/88, बाळंतपणानंतर एकदा 144/92. केसपेपरवर त्यापुढे लिहिलंय "पुन्हा बघणे". पुन्हा कुणी बघितलं नाही. म्हणजे बघितलंही असेल एखाद्या वेळी, पण लिहिलेलं नाही, आणि आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही ते झालं नाही असंच धरतात.

मला त्या ड्युटीवरच्या सिस्टरचा राग येत नाही हे आधी सांगते. एका खाटेवर दोन बाळंतिणी, एक डोक्याकडे एक पायाकडे, दोघींची बाळं मध्ये, रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी, हे मी स्वतः केलंय. अशा वेळी लक्ष कुठे जातं? जिचं रक्त जातंय तिच्याकडे, आणि जे बाळ रडत नाही त्याच्याकडे. शांत पडलेल्या बाईच्या दंडाला पट्टा बांधायला हात रिकामा नसतो. पण डब्ल्यूएचओचं सांगणं असं आहे की बाळंतपणानंतर लगेच एकदा बीपी बघा, नॉर्मल असलं तरी सहा तासांच्या आत परत बघा. इथे तर नॉर्मल नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सुट्टी, म्हणजे 27 तासांत. नियम 48 तास ठेवायचा आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो 2011 पासून आहे, सरकारी दवाखान्यात राहण्याचं, जेवणाचं, औषधांचं, घरी सोडायच्या गाडीचंही काही लागत नाही, तरी बायका थांबत नाहीत. कारण खाट नाही, उकाडा आहे, घरी दुसरी कामं आहेत. तिनेच आईला म्हटलं, चल घरी, इथं जीव गुदमरून राह्यला. डॉक्टरांनी थांब म्हटलं नाही. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन आहे, लसी आहेत, टाक्यांची तारीख आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. आईच्या बीपीची जागा कोरी.

घरचे पाच दिवस

मे महिना, नवतपा लागायला आठवडा, पारा 45 ला. माहेरची एक खोली बाळंतिणीसाठी रिकामी केलेली. बाज, बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, कानात कापूस, आणि कूलर बंद, कारण बाळंतिणीला वारं लागू नये. पाणी पण मोजून मापून, कोमट, पोट सुटेल म्हणून. हे वाचून कुणी नाक मुरडू नका. तिच्या आईने जे केलं ते तिच्या आईने तिच्यासाठी केलं होतं, प्रेमाने केलं होतं, आणि शेक-मालिश-आराम यातलं बरंच काही चांगलं आहे. त्रास एवढाच की नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत शेगडी लावून पाणी तोडलं तर धडधाकट माणूस आजारी पडेल, आणि त्यात डोकं दुखायला लागलं तर ते कशामुळे दुखतंय हे कुणालाच कळणार नाही. तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी आशाताई आली. वेळेवर आली, उन्हात चालत आली. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं, आणि या सगळ्या भेटींचे मिळून केंद्राचा मोबदला 250 रुपये. तिने बाळाचं वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली, दूध ओढते का बघितलं. आईला विचारलं, जास्त जातंय का, ताप आहे का, दूध आलं का. आईने सांगितलं सगळं ठीक, फक्त डोकं दुखतं. आशाताई म्हणाली झोप काढ माय, पोट्टी झोपली की तू पण झोप. तिच्या बॅगेत वजनकाटा होता, थर्मामीटर होतं, घड्याळ होतं. बीपीचं मशीन नव्हतं. ते तिच्या किटमध्ये दिलेलंच नसतं.

त्याच संध्याकाळी मी गेले. बाळाला घेतलं, रंग बघितला, कावीळ तर नाही म्हणून डोळे बघितले, टाळू बघितली. ती म्हणाली, "काकू, डोकं ठणकून राह्यलं." मी म्हटलं जागरण होतंय, पाणी पी जरा जास्त, आणि कूलर लावा हो थोडा वेळ, काही होत नाही. चहा प्यायले आणि आले. माझ्या घरी सासऱ्यांसाठी घेतलेलं बीपीचं मशीन आहे, टेबलावरच असतं. दोन घरांचं अंतर. मी बारा वर्षांची नर्स आहे आणि बाळंतिणीचं डोकं दुखलं तर पहिलं बीपी बघायचं हे मी शिकाऊ मुलींना शिकवते, पण गल्लीत मी शेजारीण म्हणून गेले होते आणि शेजारीण बाळ बघायला जाते. मला ते अजून टोचतं.

चौथ्या दिवशी डोकं कमी झालं नाही, गोळीने नाही, बामने नाही. डोळ्यासमोर काजवे चमकल्यासारखं होतंय म्हणाली. आईला वाटलं अशक्तपणा, डिंकाचा लाडू दिला. रात्री छातीच्या खाली, मधोमध आणि जरा उजवीकडे, दुखायला लागलं, एकदा उलटी झाली. गॅस झाला म्हणून ओवा चावायला दिला. आता ही तिन्ही लक्षणं ओळीने लिहिली की कुणालाही दिसेल: थांबत नाही असं डोकं, डोळ्यापुढे चमकणं, पोटाच्या वरच्या भागात कळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी सांगेल की आकडी दारात उभी आहे. पण घरात ती तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या वेळी सांगितली गेली, डोकं मला आणि आशाताईला, काजवे आईला, पोट मावशीला. तिन्ही एकत्र कुणाच्याच कानावर आली नाहीत.

पाचवा दिवस म्हणजे पाचवी. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद पेन ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बायका रात्री जागायला बसल्या. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून ती रात्र जागतात. इथे माझ्या मनात एक गोष्ट येते ती लिहून टाकते. बाळंतपणानंतर बीपी सगळ्यात जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसात. गरोदरपणात अंगात जे पाणी साठलेलं असतं ते या दिवसांत परत रक्तात यायला लागतं, नळ्यांवर ताण येतो, आणि जिचं बीपी आधीच काठावर होतं तिचं काठाबाहेर जातं. दवाखान्यातून सोडताना बरं वाटलेलं बीपी घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढतं ते असं. आपल्या म्हाताऱ्या बायकांनी पाचवीची आणि सहावीची रात्र धोक्याची मानली, जागून काढायची ठरवली, याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण रात्र तीच आहे, आणि घर जागं होतं म्हणून ही पोरगी वाचली हे मात्र नक्की. एकटी खोलीत झोपलेली असती तर सकाळीच कळलं असतं.

2:50 ते 4:50

रात्री दोन पन्नासला तिचे डोळे वर गेले, जबडा आवळला, सगळं अंग ताठ झालं आणि मग झटके सुरू झाले. बाळंतपणापासून 111 तास. घरात एकच कालवा. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, कुणी दातात चमचा घालायला लागलं, एका बाईने अंगात आलं म्हटलं आणि हळदकुंकू घेऊन पुढे झाली. तिचा भाऊ माझ्याकडे धावत आला. दारातच त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "काकू, ताईले पाहा ना काय होऊन राह्यलं."

मी पोचले तोवर झटके थांबले होते, ती घोरल्यासारखा श्वास घेत होती, जिभेतून रक्त. चमचा काढला. तिला डाव्या कुशीवर केलं, तोंडातलं पाणी वाहू दिलं, स्कार्फ सोडला, शेगडी बाहेर, कूलर सुरू, सगळ्यांना खोलीबाहेर. बीपी 182/118. 108 ला फोन केला तेव्हा 3:05 झाले होते. गाडी साडेतीनला आली, त्या वेळेला आणि त्या भागात हे काही वाईट नाही.

आता इथे जे झालं ते नीट वाचा, कारण घरातला उशीर सगळ्यांना दिसतो पण हा दिसत नाही. गाडी जवळच्या, बाळंतपणं होतात अशा एका दवाखान्यात गेली. पावणेचारला पोचलो. मी सांगितलं, पाचवा दिवस, एक झटका, बीपी एवढं, झटके थांबवायचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन द्या. ड्युटीवर जे होते ते म्हणाले आमच्याकडे आयसीयू नाही, पुढे न्या. मी म्हटलं न्यायचंच आहे पण पहिला डोस देऊन न्या. ते म्हणाले मॅडमला विचारावं लागेल, मॅडम फोन उचलत नव्हत्या, मग कागद बनवायचा होता, मग कागदावर सही. अर्धा तास गेला आणि इंजेक्शन मिळालं नाही. सव्वाचारला निघालो आणि वाटेत, चालत्या गाडीत, दुसरा झटका आला. त्यात तिचे ओठ निळे पडले. गाडीतल्या डॉक्टरने ऑक्सिजन लावून मान सरळ धरली, मी पाय धरले, आई समोर बसून तिच्या पायाचे तळवे घासत होती आणि एकही शब्द बोलत नव्हती.

मोठ्या सरकारी दवाखान्यात 4:35 ला पोचलो आणि 4:50 ला मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल. पहिल्या झटक्यापासून बरोबर दोन तास.

हे औषध काही नवीन नाही आणि महागही नाही. 1995 साली मोठा अभ्यास छापून आला, 1,687 बायकांचा, आपल्या देशातल्या बायकाही त्यात होत्या, आणि त्यात स्पष्ट दिसलं की परत झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियम हे झटक्यांवरच्या डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्ही औषधांपेक्षा कितीतरी चांगलं, डायझेपामच्या तुलनेत परत झटका येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी. तेव्हापासून तीस वर्षं होऊन गेली. आणि पहिला डोस द्यायला आयसीयू लागत नाही. आपल्याच देशाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमने (उपकेंद्रातल्या नर्सने) सुद्धा दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम देऊन मग पेशंट पुढे पाठवावा. दहा अँप्युल, दोन सिरिंज. तरी भीती असते. मी ती भीती ओळखते, मॅग्नेशियमने श्वास थांबतो असं प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आपल्या हातून काही झालं तर नातेवाईक तोडफोड करतील हे प्रत्येकाच्या डोक्यात असतं. पण श्वास थांबायच्या आधी, गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो ते बंद होतं, ते तपासायला हातोडी नसली तर हाताची कडा चालते, श्वास मिनिटाला 16 च्या वर आहे का बघायचं, लघवी तासाला 30 मिली तरी होते का बघायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाला ठेवायचं. रेफर करणं सोपं वाटतं कारण मग जे होईल ते दुसऱ्याच्या दारात होतं. गाडीत मात्र कुणाचंच दार नसतं.

पुढचे दिवस थोडक्यात

लॅबेटालॉल शिरेतून देऊन बीपी सावकाश खाली आणलं, एकदम पाडलं नाही. लघवीत प्रोटीन तीन प्लस, प्लेटलेट 88 हजार, लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले. डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला आणि ते मला फार योग्य वाटलं, कारण बाळंतपणानंतर झटका आला की प्रत्येक वेळी ती आकडीच असेल असं नाही, मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ झाली तरी असंच होतं, आणि आपल्याकडे पाणी तोडलेल्या, उन्हाळ्यातल्या बाळंतिणींत ते विसरून चालत नाही. तिच्यात गाठ नव्हती, मेंदूच्या मागच्या भागात सूज होती, काजवे दिसत होते ते त्यामुळेच, आणि ती सूज उतरते. शेवटच्या झटक्यानंतर चोवीस तास मॅग्नेशियम चाललं. तिसऱ्या दिवशी एचडीयूतून (जास्त देखरेखीच्या कक्षातून) वॉर्डात, आठव्या दिवशी घरी, बीपीच्या गोळ्यांवर.

त्या दोन दिवसांचं तिला काहीच आठवत नाही. पाचवीची पूजा आठवते, त्यापुढे एकदम वॉर्डातला पंखा.

बाळाचं काय झालं ते सांगायला पाहिजे. बाळ घरी, आजी चमच्याने गाईचं दूध पाजत होती कारण दुसरं काय करणार. सातव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आली आणि तिला हे दिसलं, तिने स्वतः रिक्षा करून बाळ आणि आजीला दवाखान्यात आणलं, तोवर तिकडे कुणीतरी आईला सांगून ठेवलं होतं की एवढी औषधं चालू आहेत, दूध पाजू नको. ते चुकीचं आहे. मॅग्नेशियमवर असतानाही पाजता येतं, लॅबेटालॉलवरही पाजता येतं, फक्त बाई शुद्धीवर आणि धरता येण्याइतकी सावध हवी. छाती दगडासारखी झाली होती तिची. वॉर्डातल्या सिस्टरने बसून, पिळून, हळूहळू पाजायला लावलं आणि दोन दिवसांत लागलं दूध.

मला यातून काय दिसतं

आमच्या क्षेत्रात तीन उशिरांचं एक माप वापरतात, 1994 पासून: घरी ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. या केसला ते लावून बघितलं. झटका आल्यावर घरच्यांनी पंधरा मिनिटांत गाडी बोलावली. गाडी पंचवीस मिनिटांत आली. तिसरा उशीर झाला, तो वर लिहिलाय, एक तासापेक्षा जास्त गेला त्यात. पण सगळ्यात मोठा उशीर या तिन्हींच्या आधीचा आहे, तिसऱ्या दिवसाच्या डोकेदुखीपासून पाचवीच्या रात्रीपर्यंतचा, आणि तो काही ठरवायला कुणी वेळ लावला म्हणून झाला असं नाही, ती पेशंट आहे हेच कुणाच्या मनात नव्हतं. ती "सुटली" होती ना.

डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभर सुमारे 2,60,000 बायका गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणाने गेल्या, त्यातल्या दहापैकी नऊपेक्षा जास्त कमी उत्पन्नाच्या आणि आपल्यासारख्या देशांत. रक्तस्राव पहिलं कारण, बीपीचे आजार दुसरं. महाराष्ट्र यात बराच पुढे आहे, 2018-20 च्या आकड्यांत देशाचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 97 असताना आपलं 33 होतं, आणि ते कष्टाने खाली आलंय, मी ते कष्ट बघितलेत. पण मृत्यू मोजला की जी वाचली तिची गोष्ट संपते. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या टीमने नव्वदच्या दशकात घरी बाळंत झालेल्या बायकांना बाळंतपणानंतरही घरी जाऊन जाऊन बघितलं तेव्हा दिसलं होतं की बाळंतपणाच्या वेळी त्रास झालेल्यांपेक्षा नंतरच्या आठवड्यांत त्रास झालेल्या बायका दुपटीहून जास्त, जवळपास 43 टक्के. तेव्हा बाळंतपणं घरी होती. आता दवाखान्यात होतात, पण नंतरचे दिवस अजून घरीच जातात, फरक तेवढाच.

मग आशाताईला बीपीचं मशीन द्या, झालं काम, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण ते एवढं सरळ नाही. शेजारच्या बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत हे करून बघितलंय, आशांना मशीन आणि मोबाईल देऊन गरोदर आणि बाळंतिणींचं बीपी घरी जाऊन मोजलं, पाकिस्तानात आणि मोझांबिकमध्येही तसंच केलं, आणि तिन्ही देशांचा एकत्र निकाल आला तेव्हा आई-बाळांच्या मृत्यूत आणि गंभीर त्रासात मोठा फरक दिसला नाही. मात्र ज्या बायकांकडे आठ किंवा जास्त वेळा जाणं झालं त्यांचं बरं झालेलं दिसलं. मला यात माझ्या गल्लीतली केस दिसते. समजा आशाताईने तिसऱ्या दिवशी मोजलं असतं आणि 156/102 आलं असतं, तर तिने कुठे पाठवलं असतं? त्याच दवाखान्यात, जिथे मॅडम फोन उचलत नाहीत? मशीन पाहिजेच, पण मशीनच्या पलीकडे पहिली गोळी आणि पहिलं इंजेक्शन देणारा माणूस पाहिजे, आणि त्याला भीती न वाटावी एवढं पाठबळ पाहिजे.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र आयती आहे जी बऱ्याच देशांत नाही. सव्वा महिना. बाई सव्वा महिना घरात, कामाला हात नाही, आई-सासू-मावशी सतत जवळ. डॉक्टरी हिशोबाने बाळंतपणानंतरचा धोक्याचा काळ 42 दिवसांचा, म्हणजे सव्वा महिन्याला लागूनच. जागरण करणाऱ्या बायका आहेत, रोज अंगाला हात लावणारी मालिशवाली आहे, जिला सूज आधी कळते. या बायकांना फक्त एवढं ठाऊक पाहिजे की बाळंतिणीचं डोकं दुखून राहिलं तर ते वारं लागलेलं नाही, बीपी बघा, त्याच दिवशी. मी आमच्या भागातल्या दोन मालिशवाल्या मावशींना बसवून हे सांगितलं. एक म्हणाली, "सूज तर आमाले दिसतेच ना व ताई, पण सांगावं कोनाले?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. सध्या तरी मी माझा नंबर दिलाय.

सहावा आठवडा

बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास बाळाच्या लसीचा दिवस असतो, दीड महिन्याची लस. मी सुट्टी घेऊन तिच्यासोबत गेले. अंगणवाडीत बावीस-तेवीस बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर बाळ. बाळांची वजनं, लसी, तापाची गोळी, नोंदी, सगळं व्यवस्थित चाललं होतं. टेबलावर बीपीचं मशीन होतं, गरोदर बायकांसाठी. मी सिस्टरला म्हटलं हिचं बघता का, हिला आकडी आली होती. तिने लगेच पट्टा बांधला. 128/82, दोन आठवडे गोळ्या बंद असताना. मी तिला समजावलं की पुढच्या वेळी दिवस राहिले की बाराव्या आठवड्याच्या आत दाखव, ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतील, आणि आता दर वर्षी बीपी बघायचं, कारण ज्यांना हा त्रास झाला त्यांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा आजार व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ती ऐकत होती आणि बाळाच्या मांडीवर जिथे सुई टोचली तिथे फुंकर घालत होती.

मग आकडा लिहायचा कुठे हा प्रश्न आला. तिचं स्वतःचं आता कुठलं कार्डच चालू नव्हतं. सिस्टरने थोडा विचार केला आणि बाळाच्या लसीच्या पानावर, वजनाच्या रकान्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "आई 128/82". तिच्या पाठीमागे रांगेत बसलेल्या एका बाईने ते बघितलं आणि दंडावरची बाही वर सारत म्हणाली, सिस्टर, माझंही पाहा ना.